रिसीव्हर बदलायचा की स्पीकर? जुन्या होम थिएटरची घरच्या घरी तपासणी

होम थिएटर दहा-बारा वर्षांचं झालं की एक प्रश्न हळूहळू डोकं वर काढतो. संवाद नीट कळत नाहीत, म्हणून दर दोन मिनिटांनी रिमोट हातात घ्यावा लागतो. नवा फोर-के टीव्ही आला, पण रिसीव्हरमधून (सगळी उपकरणं ज्याला जोडतो आणि जो स्पीकर वाजवतो त्या खोक्यातून) चित्र पुढे जातच नाही. किंवा काहीच बिघडलेलं नसतं, फक्त नव्या रिसीव्हरच्या खोक्यावरची नावं वाचून आपण मागे पडलोय असं वाटू लागतं. मग खरेदी होते आणि बहुतेक वेळा ती रिसीव्हरची होते, कारण ते सोपं: जुना काढला, त्याच जागी नवा ठेवला, तारा होत्या तशाच जोडल्या. महिनाभरानं लक्षात येतं की संवाद अजूनही कळत नाहीत. रोग रेड्याला आणि औषध पखालीला.

म्हणून हा निर्णय मी दुसऱ्या क्रमानं घ्यायला सांगतो. आधी तक्रार नेमकी ओळखायची, मग दोन्ही वस्तूंची तब्येत बघायची, मग पैसे न खर्चता जे होण्यासारखं आहे ते करायचं, आणि त्यानंतरही तक्रार उरली तरच खरेदी. एक शनिवार-रविवार पुरतो.

सगळ्यात आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. रिसीव्हर आणि स्पीकर यांचं म्हातारपण वेगळं असतं. रिसीव्हर कॅलेंडरनं म्हातारा होतो. आतला ॲम्प्लिफायर, म्हणजे आवाजाला ताकद देणारा भाग, ठणठणीत असला तरी एचडीएमआयमधून (चित्र आणि आवाज एकत्र नेणाऱ्या केबलमधून) येणारे सिग्नल दर चार-पाच वर्षांनी पुढे सरकतात आणि त्याला ते ओळखता येत नाहीत. स्पीकरचं तसं नाही. त्याच्यापर्यंत येणाऱ्या दोन तारांमधला सिग्नल पन्नास वर्षांपूर्वी जसा होता तसाच आजही आहे. स्पीकर थकतो तो फोम, गोंद आणि कपॅसिटर (विद्युतभार साठवणारा छोटा भाग) थकल्यामुळे. तेव्हा रिसीव्हर काय काय घेऊ शकतो ते तपासायचं, आणि स्पीकर धडधाकट आहे की नाही ते.

पहिला टप्पा: तक्रार एका वाक्यात लिहा

'आवाजात मजा नाही' ही तक्रार चालणार नाही. आठवडाभर नेहमीसारखं बघा-ऐका आणि जिथे खटकलं तिथे लिहून ठेवा: कोणत्या उपकरणातून बघत होतो, आवाज किती होता, नेमकं काय खटकलं. चार-पाच नोंदी झाल्या की चित्र स्पष्ट व्हायला लागतं. 'फोर-के लावलं की पडदा काळा होतो' ही रिसीव्हरची बाब आहे. 'मोठ्या आवाजात डावीकडून फडफड येते' ही बहुधा स्पीकरची. 'संवाद दबतात, पण गाणी छान वाजतात' ही सेटिंगची, नाहीतर टीव्हीपाशी मधोमध ठेवलेल्या, संवाद वाजवणाऱ्या सेंटर स्पीकरच्या जागेची. 'सोफ्यावर बास नाही आणि कोपऱ्यात उभं राहिलं की घुमतो' ही खोलीची. आणि 'तासाभरानं आवाज तुटायला लागतो' ही उष्णतेची.

आठवडाभरात एकही नोंद झाली नाही तर माझं मत सरळ आहे: काहीही घेऊ नका.

दुसरा टप्पा: स्पीकरची जाळी काढा

माझ्या पुढच्या डाव्या स्पीकरमधून स्फोटाचे प्रसंग आले की कागद फडफडल्यासारखा आवाज यायचा. रिसीव्हरची ताकद कमी पडते असं गृहीत धरून मी दोन महिने नव्या रिसीव्हरची माहिती वाचत होतो. एका संध्याकाळी जाळी काढली आणि वूफरच्या (खालचे सूर वाजवणाऱ्या भागाच्या) कोनाभोवतीच्या फोमच्या वळीवर बोट टेकवलं. बोट आत गेलं. काळा फोम चिकट भुकटी होऊन नखात बसला, आणि जवळजवळ पाव परिघावर कोन नुसताच अधांतरी होता. रिसीव्हरचा यात काडीचाही संबंध नव्हता.

कोनाच्या कडेला जी लवचिक वळी असते तिला सराउंड म्हणतात. ती तीन प्रकारची असते: फोमची, रबराची आणि घडीदार कापडाची. फोम पॉलियुरेथेनचा असतो. हवेतला ओलावा आणि प्रकाश त्याला आतून पोखरत जातात, आणि स्पीकर वापरला काय किंवा न वापरला काय, दहा ते वीस वर्षांत तो विरतो. रबर आणि कापड त्यामानानं फार टिकतात. म्हणून टॉर्च घेऊन प्रत्येक वूफर आणि सबवूफर (फक्त बाससाठीचा वेगळा स्पीकर) बघा. भेगा, चिकटपणा, भुकटी किंवा कोनापासून सुटलेली कड दिसते का?

मग कोन हलवून बघा. दोन्ही हातांची बोटं मधल्या टोपीभोवती समान अंतरावर ठेवा आणि कोन अगदी हलके, दोन-तीन मिलिमीटर आत ढकला. बोटं एकाच बाजूला ठेवलीत तर कोन तिरका होऊन चांगला स्पीकरही घासेल, त्यामुळे दाब सगळीकडून सारखा हवा. कोन गुपचूप आत-बाहेर झाला तर ठीक. खर्र असा घासल्याचा आवाज आला तर कोनामागची तारेची कॉइल चुंबकाच्या फटीत घासते आहे. असा ड्रायव्हर, म्हणजे कोन, कॉइल आणि चुंबक मिळून बनलेला भाग, बदलावा लागतो, किंवा त्याला नवा कोन आणि नवी कॉइल बसवावी लागते.

ट्वीटरला, म्हणजे वरचे सूर वाजवणाऱ्या छोट्या भागाला, हात लावू नका, त्याचा पडदा नाजूक असतो. रिसीव्हरचा टेस्ट टोन कमी आवाजात सुरू करा आणि प्रत्येक स्पीकरच्या ट्वीटरजवळ कान नेऊन सळसळ ऐका. एक पूर्ण मुका असेल तर लगेच कळतं. अवघड प्रकार वेगळाच आहे. काही ट्वीटरमध्ये कॉइलभोवती चुंबकीय द्रव असतो, तो वर्षानुवर्षांनी घट्ट होतो. क्रॉसओव्हरमधले (वूफर आणि ट्वीटरला सूर वाटून देणाऱ्या सर्किटमधले) इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही वीस-तीस वर्षांत आपल्या मूळ मूल्यापासून सरकतात. दोन्हींमुळे वरचे सूर मंद होतात, आणि हे डाव्या-उजव्या स्पीकरमध्ये बरोबरीनं घडत असल्यामुळे दोघांची तुलना करून काहीच हाती लागत नाही. स्पीकर वीस वर्षांहून जुना असेल आणि आवाजावर पांघरूण घातल्यासारखं वाटत असेल तर कपॅसिटर बदलून घेणं हा पहिला उपाय. कपॅसिटर ही स्वस्त वस्तू आहे आणि हात सराईत असेल तर काम तासाभराचं.

फोमचंही तसंच. बाकी ड्रायव्हर धडधाकट असेल तर फक्त फोम बदलता येतो. योग्य मापाची वळी मिळवायची, जुना गोंद पूर्ण खरवडायचा आणि नवी चिकटवताना कॉइल बरोबर मध्यावर राहील याची काळजी घ्यायची. मी ते करताना गोंद ओला असेपर्यंत ३० हर्ट्झचा हलका टोन वाजत ठेवला होता. कोन तिरका बसला की घासल्याचा आवाज लगेच येतो आणि बोटानं सरळ करता येतो. तो स्पीकर आजही वाजतो आहे.

तारांकडे शेवटी एक नजर टाका. टर्मिनलपाशी तांब्यावर हिरवट थर आला असेल तर तेवढं टोक कापून नवं सोला. एखादा सुटा तंतू शेजारच्या टर्मिनलला टेकत असेल तर रिसीव्हर 'प्रोटेक्ट' दाखवून बंद पडतो, आणि माणसं रिसीव्हर जळाला समजून हळहळत बसतात.

तिसरा टप्पा: रिसीव्हरची नाडी बघा

रिसीव्हर थंड असताना सुरू करा. काही सेकंदांनी आतल्या रिलेची, म्हणजे स्पीकर जोडणाऱ्या स्विचची, टक् ऐकू येईल. ती वेळेवर येते का? अगदी कमी आवाजात एखादा चॅनेल गायब असतो आणि आवाज एकदम वाढवला की परत येतो, असं होतं का? तसं असेल तर रिलेच्या संपर्कांवर थर जमला आहे. हा सर्वसाधारण आजार आहे आणि रिले बदलले की जातो. चाक फिरवताना खरखर येत असेल तर ती धूळ किंवा गंज, संपर्क साफ करणाऱ्या फवाऱ्यानं बहुधा जाते. सतत गुणगुण येत असेल तर आधी सगळ्या इनपुटच्या केबल काढून बघा. केबल काढल्यावर थांबली तर दोष बाहेरच्या जोडणीत आहे. तरीही राहिली तर पॉवर सप्लायचे कपॅसिटर थकले असण्याची शक्यता मोठी.

उष्णता हा रिसीव्हरचा खरा शत्रू. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरबद्दल ढोबळ नियम असा की तापमान १० अंश सेल्सिअसनं उतरलं की त्यांचं आयुष्य साधारण दुप्पट होतं. बंद कपाटात, वर सेट-टॉप बॉक्स ठेवलेल्या रिसीव्हरचं आयुष्य आपण स्वतः कमी करत असतो. वर निदान हातभर मोकळी जागा, मागून हवा, आणि वर्षातून एकदा प्लग काढून झरोक्यांवरची धूळ साफ. झाकण मात्र स्वतः उघडू नका. प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये धोकादायक विद्युतभार शिल्लक राहू शकतो.

एकच स्पीकर बिघडल्यासारखा वाटत असेल तर दोष कुणाचा ते पाच मिनिटांत ठरतं. रिसीव्हर बंद करा, आणि त्याच्या मागे डाव्या-उजव्या स्पीकरच्या तारांची अदलाबदल करा. आता तोच डावा स्पीकर अजूनही खराब वाजत असेल तर दोष स्पीकरमध्ये किंवा त्याच्या तारेत. दोष उजव्या स्पीकरमध्ये गेला असेल तर रिसीव्हरचा चॅनेल, नाहीतर त्याच्याही मागचं उपकरण. इतकी साधी परीक्षा, पण ती न करता विकत घेतलेले रिसीव्हर मी पाहिले आहेत आणि त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

एक प्रकार दुरुस्तीपलीकडे जातो. रिसीव्हर गरम झाला की चित्र लुकलुकतं, एचडीएमआयचा एकेक पोर्ट मरत जातो, पण ऑप्टिकलमधून आवाज व्यवस्थित येतो. हा एचडीएमआय बोर्डाचा दोष. जुन्या मॉडेलचा बोर्ड मिळणं कठीण असतं. असा रिसीव्हर बदलायच्या यादीत टाका, पण घाई करू नका, कारण त्याला वळसा घालायचा रस्ता आहे. तो पुढे येईल.

चौथा टप्पा: संवाद कळत नाहीत, त्याचं काय?

ही तक्रार सगळ्यात जास्त आढळते, म्हणून तिला वेगळी जागा देतो.

आधी रिसीव्हरच्या पडद्यावर बघा, आत येणारा सिग्नल कोणता आहे. चित्रपट ५.१ मध्ये (पाच स्पीकर आणि एक सबवूफर यांच्यासाठी) असताना तिथे 'पीसीएम' आणि दोनच चॅनेल दिसत असतील तर टीव्ही किंवा बॉक्स आवाज आधीच स्टिरिओ करून पाठवतोय. रिसीव्हर 'स्टिरिओ' मोडवर असेल तर अशा वेळी सेंटर स्पीकर पूर्ण गप्प बसतो. टीव्हीच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये 'पीसीएम' ऐवजी 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा 'पासथ्रू' निवडा. वर्षानुवर्षं पाच स्पीकर असून दोनच ऐकणारी घरं आहेत.

मग सेंटर स्पीकरची जागा. तो टीव्हीखालच्या कप्प्यात खोल ढकललेला असेल तर पुढ्यातल्या फळीवरून परावर्तन येतं, कप्पा घुमतो आणि आवाज गुडघ्यांकडे जातो. स्पीकरचं तोंड फळीच्या कडेपर्यंत, किंबहुना बोटभर पुढे आणा. खाली रबराचे तुकडे घालून कानांच्या दिशेनं तिरका करा. हा बदल करण्यापूर्वी आणि केल्यावर एकच प्रसंग ऐका. पुरुषाच्या आवाजातली ती पिंपात बोलल्यासारखी घुमारी गेली की सेंटर नवा हवा असं वाटणं निम्म्याहून अधिक कमी होतं.

एवढं करून भागलं नाही तर सेंटर चॅनेलची पातळी २-३ डेसिबल वाढवा आणि रात्री बघताना डायनॅमिक रेंज (मोठ्या आणि हलक्या आवाजातला फरक) कमी करणारी सेटिंग लावा. बऱ्याच रिसीव्हरमध्ये ती 'नाइट' नावानं असते.

पाचवा टप्पा: खोली आणि मोजणी

स्पीकर आणि खोली मिळून आवाज ठरतो, आणि खालच्या सुरांत तर खोलीचीच सत्ता चालते. साधं गणित बघा. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. खोली ४.५ मीटर लांब असेल तर लांबीमुळे पहिला अनुनाद (ज्या सुराला खोली घुमते तो) ३४३ भागिले ९, म्हणजे सुमारे ३८ हर्ट्झला येतो. भिंतींपाशी हा सूर फुगतो आणि खोलीच्या बरोबर मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. सोफा मधोमध असेल तर कितीही महाग सबवूफर आणा, त्या सुराची पोकळी तिथे राहणारच. सोफा अर्धा मीटर मागे-पुढे केला की फरक ऐकू येतो.

सबवूफरची जागा शोधायची जुनी युक्ती अजूनही उत्तम आहे. सबवूफर उचलून सोफ्यावर, तुम्ही बसता तिथे ठेवा. ज्यात बासचे सूर वर-खाली फिरतात अशी एखादी धून लावा. मग स्वतः जमिनीलगत रांगत भिंतीकडेनं फिरा. जिथे सगळे सूर सारख्या जोरात ऐकू येतील ती सबवूफरची जागा. 

आता रिसीव्हरबरोबर आलेला माइक शोधून काढा. त्यानं खोली मोजून रिसीव्हर स्पीकरचा आवाज जुळवतो. सोफ्याच्या पाठीवर ठेवू नका, हातात धरू नका. स्टँडवर, कानाच्या उंचीवर. पंखा बंद, फ्रिज जवळ असेल तर तोही तेवढ्यापुरता बंद, घरातल्यांना सांगून पंधरा मिनिटं शांतता. सहा-आठ जागा मोजायच्या असतील तर त्या मुख्य बैठकीभोवती, हातभर अंतराच्या आतच ठेवा. मोजणी झाल्यावर दोन गोष्टी तपासा. स्पीकर 'लार्ज' झाले असतील आणि सबवूफर असेल तर त्यांना 'स्मॉल' करून क्रॉसओव्हर (इथे, ज्याच्या खालचे सूर सबवूफरकडे जातात ती सीमा) ८० हर्ट्झला ठेवा, अगदी छोटे सॅटेलाइट स्पीकर असतील तर १०० ते १२० ला. आणि सबवूफरचं अंतर टेपनं मोजलेल्यापेक्षा जास्त दिसलं तर बदलू नका. सबवूफरच्या आतल्या इलेक्ट्रॉनिक्सला लागणारा वेळ रिसीव्हर त्या आकड्यात धरतो.

ज्यांना खोलात जायचंय त्यांनी कॅलिब्रेट केलेला यूएसबी माइक आणि 'रूम ईक्यू विझार्ड' हे मोफत सॉफ्टवेअर वापरावं. आलेख समोर आला की भांडण मिटतं.

इथपर्यंत आल्यावर पुन्हा आठवडाभर ऐका आणि पहिली यादी पुढ्यात घ्या. माझ्या ओळखीच्या घरांत या टप्प्यावर निम्म्याहून जास्त ओळींवर काट मारली गेली आहे.

सहावा टप्पा: एचडीएमआयचा गुंता, आणि त्यातून वाट

रिसीव्हर कोणत्या सालचा, यावरून त्याची मर्यादा बऱ्यापैकी कळते. एचडीएमआय १.४ आलं २००९ मध्ये. त्यात फोर-के सेकंदाला ३० चित्रांपर्यंत, आणि टीव्हीचा आवाज त्याच केबलनं रिसीव्हरकडे परत आणणारी एआरसी सोय. २.० आलं २०१३ मध्ये. सेकंदाला १८ गिगाबिट, त्यामुळे फोर-के ६० चित्रांसह. एचडीआरची (उजेड-अंधाराचा मोठा आवाका दाखवणाऱ्या चित्राची) माहिती २.०ए पासून, म्हणजे २०१५ पासून. २.१ जाहीर झालं २०१७ मध्ये. ४८ गिगाबिटपर्यंत क्षमता, फोर-के १२०, आणि सुधारलेली ईएआरसी. या सगळ्यापेक्षा वेगळं, कॉपी रोखणारं एचडीसीपी २.२ हे कुलूपही आहे. रिसीव्हरला ते उघडता येत नसेल तर फोर-के चित्रपट एकतर १०८० वर उतरतो, नाहीतर पडदा काळा.

डोक्यावरूनही आवाज आणणारं घरगुती डॉल्बी ॲटमॉस २०१४ मध्ये आलं, डीटीएस एक्स २०१५ मध्ये. त्याआधीचा रिसीव्हर असेल तर यातलं काही मिळणार नाही, पण ५.१ आणि ७.१ चा आवाज त्याला पूर्ण येतो. ॲटमॉसचा चित्रपट लावला तरी आतला मूळ ५.१ किंवा ७.१ भाग तो वाजवतोच.

आता वाट. चित्र रिसीव्हरमधून नेलंच पाहिजे असं कुठे आहे? प्लेअर, गेमिंग कन्सोल, स्ट्रीमिंगचा बॉक्स थेट टीव्हीला जोडा आणि आवाज फक्त एआरसी किंवा ईएआरसीनं रिसीव्हरकडे आणा. चित्राच्या सगळ्या कटकटी एका झटक्यात संपतात. साध्या एआरसीतून सुमारे १ मेगाबिट जातं. त्यात संकुचित ५.१ बसतं, आणि स्ट्रीमिंगमधलं डॉल्बी डिजिटल प्लसवरचं ॲटमॉससुद्धा बसतं, मात्र ते वाजवायला रिसीव्हर ॲटमॉसचा हवा. ईएआरसीतून ३७ मेगाबिटपर्यंत जातं. डिस्कवरचं डॉल्बी ट्रूएचडी त्याशिवाय येत नाही. एआरसीही नसेल तर ऑप्टिकल आहेच. त्यातून डॉल्बी डिजिटल किंवा डीटीएस ५.१ येतं, आणि स्ट्रीमिंगचा आवाज बरेच टीव्ही स्वतःच डॉल्बी डिजिटलमध्ये बदलून देतात. काही ब्लू-रे प्लेअरना दोन एचडीएमआय आउटपुट असतात, एक चित्रासाठी आणि एक फक्त आवाजासाठी. जुन्या रिसीव्हरसाठी तर तो वरदानच आहे.

तेव्हा 'माझा रिसीव्हर फोर-के देत नाही' हे एकटं कारण खरेदीला पुरत नाही. रिसीव्हर बदलायला मला पटणारी कारणं अशी: एचडीएमआय बोर्ड मरतोय, उपकरणं जास्त आणि टीव्हीचे पोर्ट कमी आहेत, छतात किंवा वर स्पीकर लावायची खरोखर जागा आणि इच्छा आहे, किंवा जुन्यात खोलीची दुरुस्ती, म्हणजे माइकनं मोजून खोलीप्रमाणे आवाज सुधारणारी सोय, नाहीच, अथवा अगदी प्राथमिक आहे. शेवटचं कारण लोक सगळ्यात कमी बोलतात आणि कानाला फरक मात्र त्याचाच जाणवतो. ऑडिसी, डिरॅक, वायपीएओ ही त्या तंत्रांची नावं. एकाच नावात पायऱ्या असतात, म्हणून नाव बघून थांबू नका, कोणती पायरी आहे तेही बघा.

खोक्यावर '२.१' लिहिलंय म्हणजे ४८ गिगाबिट मिळतील असंही नाही. २.१ मधल्या बऱ्याच गोष्टी ऐच्छिक आहेत. कोणत्या पोर्टवर किती गिगाबिट, किती पोर्टवर फोर-के १२०, हे माहितीपत्रकात शोधूनच घ्या. २०२० मध्ये आलेल्या पहिल्या काही २.१ रिसीव्हरमध्ये चिपच्या दोषामुळे काही कन्सोलचं फोर-के १२० चित्र काळं पडायचं. त्या सालचा वापरलेला रिसीव्हर घेत असाल तर हे विचारा.

सातवा टप्पा: वॉटचा हिशेब

'ताकद कमी पडते' म्हणून रिसीव्हर बदलायचा असेल तर आधी हा हिशेब करा. स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबल म्हणजे १ वॉट दिल्यावर १ मीटरवर ८७ डेसिबल. तुम्ही ३ मीटरवर बसता. मोकळ्या जागेत तेवढ्या अंतरानं ९.५ डेसिबल घट होते, म्हणजे उरले ७७.५, खोलीत भिंतींमुळे घट थोडी कमीच. सरासरी ७५ डेसिबलनं बघायचं म्हटलं, म्हणजे घरात बऱ्यापैकी मोठा आवाज, तर एक वॉटसुद्धा पूर्ण लागत नाही. २० डेसिबलचे झटके धरले तर ९५ डेसिबलसाठी सुमारे ५६ वॉट, तेही क्षणभर. शिवाय सबवूफरनं खालचे सूर उचलले की रिसीव्हरवरचा भार आणखी उतरतो.

१०० वॉटचा रिसीव्हर काढून १५० वॉटचा आणला तर मिळतात १.८ डेसिबल. कान लावून ऐकलं तरच कळतील इतके. त्याऐवजी ८७ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर आणला तर वॉट दुप्पट केल्याइतका फायदा होतो. वॉटचा आकडा वाचताना किती चॅनेल एकावेळी चालवून मोजलाय आणि विकृती (आवाज बिघडण्याचं प्रमाण, डिस्टॉर्शन) किती टक्के धरलीय तेही बघा. एकच चॅनेल, १० टक्के विकृती आणि १ किलोहर्ट्झ, असा फुगवलेला आकडा सर्रास छापलेला असतो.

खरोखर मोठी खोली आणि ४ ओहमचे, कमी संवेदनशीलतेचे स्पीकर असतील तर गोष्ट वेगळी. तिथेही रिसीव्हरला प्री-आउट (बाहेरच्या ॲम्प्लिफायरला सिग्नल देणारे पोर्ट) असतील तर पुढच्या तीन स्पीकरसाठी वेगळा पॉवर ॲम्प्लिफायर जोडणं जास्त शहाणपणाचं.

आठवा टप्पा: आता ठरवा

स्पीकर निरोगी, जागा बरोबर, मोजणी झालेली, आणि तरी आवाज कर्कश किंवा पोकळ वाटत असेल तर पैसे स्पीकरवर घाला. १९८० च्या दशकात कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये फ्लॉइड टूल यांनी पडद्याआड स्पीकर ठेवून श्रोत्यांना ऐकवले. कोणता ब्रँड हे दिसेनासं झाल्यावर श्रोत्यांचं मोठं एकमत झालं: समोरून सपाट आणि बाजूंनाही एकसारखा वाजणारा स्पीकर लोकांना आवडतो. आज अनेक स्पीकरची अशी मोजमापं उपलब्ध असतात. ती बघायला शिकणं हे कुठल्याही जाहिरातीपेक्षा उपयोगी आहे. रिसीव्हर-रिसीव्हरमधला आवाजाचा फरक, दोघांनाही त्यांच्या ताकदीच्या आत चालवलं आणि खोलीची दुरुस्ती बंद ठेवली, तर फार थोडा असतो. स्पीकर-स्पीकरमधला फरक दार उघडून आत येणाऱ्यालाही कळतो.

स्पीकर घेताना सबवूफर नसेल किंवा नावापुरता असेल तर तो आधी. मग पुढचे तीन, आणि ते एकाच घराण्यातले, म्हणजे आवाज डावीकडून उजवीकडे सरकताना त्याचा पोत बदलत नाही. मागचे स्पीकर शेवटी. ते जुनेच बरीच वर्षं चालतात. दोन्हींची गरज असेल आणि जुना रिसीव्हर आवाज देत असेल तर आधी स्पीकर घ्या, रिसीव्हर थांबू शकतो. चांगला स्पीकर दोन-तीन रिसीव्हर बघतो.

एका खोक्यात रिसीव्हर, पाच छोटे स्पीकर आणि ॲम्प्लिफायर नसलेला सबवूफर असा तयार संच असेल तर हे सगळं लागू होत नाही. त्यांचे प्लग आणि ओहम एकमेकांपुरतेच असतात. रिसीव्हर गेला की पूर्ण संच बदलण्याची तयारी ठेवा.

दुरुस्तीबाबत माझं स्वतःचं मोजमाप: खर्च तशाच प्रतीच्या नव्या वस्तूच्या एक तृतीयांशाच्या आत असेल तर स्पीकर दुरुस्त करून घ्यायचाच. रिसीव्हर मात्र रिले किंवा कपॅसिटरपुरताच दुरुस्त करायचा, एचडीएमआयसाठी नाही.

नववा टप्पा: ऐकून घ्या, आणि बदलताना घाई नको

दोन स्पीकरची तुलना करताना आवाजाची पातळी जुळवा. अर्धा-एक डेसिबल मोठा वाजणारा स्पीकर कानाला 'चांगला' वाटतो, आणि तो नेमका कशामुळे हे कळत नाही. फोनवरचं डेसिबल मीटर अचूक नसलं तरी एकाच जागी ठेवून दोन पातळ्या जुळवायला पुरतं. ऐकायला तीनच तुकडे घ्या: एक ओळखीच्या माणसाचा बोलण्याचा आवाज, एक गर्दीचा प्रसंग, एक तुमच्या पाठ असलेलं गाणं. परत देण्याची मुदत असेल तर घरी आणूनच ऐका, कारण दुकानाची खोली तुमच्या घरी येणार नाही.

नवी वस्तू आली की जुनी लगेच सोडवू नका. आधी मागच्या बाजूचा फोटो काढा, प्रत्येक तारेला कागदी पट्टी लावून 'पुढचा डावा', 'सेंटर', 'मागचा उजवा' असं लिहा. जुन्या रिसीव्हरमधले अंतर, पातळी आणि क्रॉसओव्हरचे आकडे वहीत उतरवा. नव्याची मोजणी झाल्यावर त्याचे आकडे शेजारी लिहा. एखाद्या स्पीकरच्या पातळीत ४-५ डेसिबलचा फरक दिसला तर कुठेतरी तार सैल किंवा चुकीच्या जागी जोडली गेली असू शकते. आधी ती तपासा, मग सोफ्यावर बसा.